साधे पेट्रोल की प्रीमियम? आपल्या गाडीला नेमके काय लागते?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

पेट्रोल पंपावर काच खाली केली की हल्ली पहिला प्रश्न येतो तो "साधे टाकू की प्रीमियम?" असा, आणि मागे रांग खोळंबलेली असल्यामुळे बहुतेक जण फारसा विचार न करता उत्तर देऊन मोकळे होतात. इंडियन ऑइलचे एक्सपी ९५ आणि एक्सपी १००, हिंदुस्थान पेट्रोलियमचे पॉवर, भारत पेट्रोलियमचे स्पीड, शेलचे व्ही-पॉवर ही नावे आता ओळखीची झाली आहेत. यांतले नेहमीचे प्रीमियम २०२५ मध्ये साध्यापेक्षा लिटरमागे साधारण सात ते नऊ रुपयांनी महाग पडत होते, आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोल तर १६० रुपयांच्या आसपास होते.

माझ्या ऐकण्यात चार दावे वारंवार येतात. प्रीमियमने पिकअप सुधारतो, अॅव्हरेज वाढते, इंजिन आतून स्वच्छ राहते, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलापासून गाडी वाचवायची असेल तर प्रीमियमला पर्याय नाही. हे चारही दावे एकाच दमात केले जातात, पण ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असावे, असे मला वाटते. घरात २०१९ ची बीएस-४ (भारत स्टेज या प्रदूषण-निकषांचा चौथा टप्पा), १.२ लिटरची हॅचबॅक आहे आणि वडिलांची कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल आहे. कोल्हापूर ते रत्नागिरी असा आंबा घाटातून नेहमीचा प्रवास आहे, त्यामुळे चढावर भरलेली गाडी कशी वागते हा प्रश्न माझ्यासाठी केवळ चर्चेपुरता नाही.

माझे मत आधीच मांडतो: पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो किमान ऑक्टेन अंक दिला आहे, त्याच्या वर जाऊन दिलेल्या पैशाचा मोबदला साध्या गाडीला मिळत नाही. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी कारणांसह लिहावे.

यंत्रवेल्हाळ

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलातली ताकद, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण बाकीचे सगळे गैरसमज त्यातूनच निघतात. पिस्टन हवा आणि पेट्रोलाचे मिश्रण दाबतो, स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि तिथून ज्वाला कडेकडे पसरत जाते. ज्वाला पोहोचण्याच्या आतच कडेचे उरलेले मिश्रण वाढलेल्या दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. यालाच नॉकिंग म्हणतात. पेट्रोल अशा आपोआप पेटण्याला किती दाद देत नाही, एवढेच ऑक्टेन अंक सांगतो. चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के नॉर्मल हेप्टेन यांचे मिश्रण जसे वागेल तसे जे पेट्रोल वागते, त्याचा अंक ९१. लिटरमध्ये किती ऊर्जा आहे, याच्याशी या अंकाचा थेट संबंध नाही.

मग जास्त अंकाचे पेट्रोल कोणाला लागते? ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबले जाते त्याला: म्हणजे कॉम्प्रेशन रेशो जास्त असलेल्या किंवा टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) बसवलेल्या इंजिनाला. तिथे कमी अंकाचे पेट्रोल पडले की नॉक सेन्सर ते ओळखतो आणि गाडीतला संगणक ठिणगी मागे घेतो, म्हणजे थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण जोर थोडा कमी होतो आणि पेट्रोल थोडे जास्त लागते. अशा गाडीत योग्य अंकाचे पेट्रोल घातले तर 'पिकअप सुधारला' असे वाटणे खरेच आहे, कारण गमावलेला जोर परत मिळालेला असतो. परंतु जे इंजिन ९१ वर नॉकिंग करतच नाही, त्यात ९५ किंवा १०० घातले तरी संगणकाला ठिणगी आणखी लवकर पाडून मिळवण्यासारखे बहुधा काही उरलेले नसते.

आता आपल्याकडची विशेष गोष्ट. बीएस-२ च्या काळात साधे पेट्रोल ८८ अंकाचे असे, नंतर ते ९१ वर आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन मिळू लागले आणि गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास असल्यामुळे ते मिसळले की मिश्रणाचा अंक वर चढतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाचा अंक ९५ पर्यंत गेल्याचे म्हटले आहे. हे विधान धरून चाललो, तर साध्या नळीतून येणारे पेट्रोल आणि '९५' असे नाव मिरवणारे प्रीमियम यांच्यात ऑक्टेनच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही. मग त्या सात-नऊ रुपयांच्या बदल्यात उरतात ती मुख्यतः स्वच्छता करणारी रसायने. ग्राहकाने हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण पाच वर्षांपूर्वी ९१ आणि ९५ या तुलनेला जो अर्थ होता तो आज तसाच राहिलेला नाही.

हडसनतीर

न्यू जर्सीत राहतो, म्हणून इकडची माहिती जोडतो. अमेरिकेत पंपावर ८७, ८९ आणि ९३ असे आकडे दिसतात, कॅलिफोर्नियात वरचा आकडा ९१ असतो. भारतातून नव्याने आलेले बरेच जण '८७ म्हणजे आपल्या ९१ पेक्षा हलके' असे समजून पहिल्याच दिवसापासून महागडे पेट्रोल भरू लागतात. इकडचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो आणि भारतातला आकडा त्यांपैकी एकाच, रिसर्च ऑक्टेन या चाचणीचा असतो. अमेरिकेतले ८७ हे भारतातल्या ९१-९२ च्या बरोबरीचे पडते.

एएए या इकडच्या मोठ्या वाहनचालक संघटनेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून तपासणी केली. जोर, अॅव्हरेज आणि धूर या तिन्हींत लक्षात घेण्याजोगा फायदा आढळला नाही, आणि आदल्या वर्षभरात अमेरिकी चालकांनी अशा अनावश्यक प्रीमियमवर २.१ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना कंपनी प्रीमियमची केवळ शिफारस करते, सक्ती करत नाही, अशा गाड्या तपासल्या. तिथे अॅव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि जोर १.४ टक्के वाढला. फायदा आहे, पण भावातला फरक भरून काढण्याइतका नाही. गाडीच्या पुस्तिकेत 'शिफारस' लिहिले आहे की 'आवश्यक' लिहिले आहे, हा फरक म्हणूनच काळजीपूर्वक वाचावा.

घाटाखालचे गॅरेज

मी गाड्या दुरुस्त करतो, त्यामुळे हाताखाली येणाऱ्या इंजिनांबद्दलच लिहितो. नॉकिंगचा आवाज एकदा ओळखता आला की पुढे चूक होत नाही. गाडीत माणसे आणि सामान भरलेले आहे, चढ लागला आहे, चालकाने तिसरा गियर न सोडता अॅक्सिलरेटर दाबला आहे, आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा कोरडा खडखडाट येतो. दुसरा गियर टाकून इंजिनाचे फेरे वाढवले की तो आवाज थांबतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ गिऱ्हाइकांना कोणीतरी आधीच 'प्रीमियम टाका' असे सांगितलेले असते.

माझे म्हणणे असे, की आवाज पेट्रोल बदलून दाबण्याआधी त्याचे कारण शोधावे. स्पार्क प्लग चुकीच्या उष्णता-श्रेणीचे बसवलेले असतात. कूलंट कमी असते किंवा रेडिएटर चोंदलेला असतो आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त तापते. इंजिन बरेच चाललेले असेल तर पिस्टनच्या डोक्यावर आणि ज्वलनकक्षात काजळीचा थर बसतो, त्याने जागा कमी होऊन दाब वाढतो, आणि एके काळी साध्या पेट्रोलवर शांत चालणारे इंजिन ठोकू लागते. या शेवटच्या प्रकारात जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घातल्यावर आवाज थांबतो हे खरे आहे, पण काजळी तिथेच राहते. काही गाड्यांत चालकाची सवयच कारणीभूत असते. अॅव्हरेज वाचवायचे म्हणून वरच्या गियरमध्ये कमी वेगाने गाडी ओढणे, हे इंजिनाला सर्वांत जास्त त्रासाचे आहे.

स्वच्छता करणाऱ्या रसायनांबद्दल मी पूर्ण नकार देणार नाही. ज्या गाड्यांत इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा घेणाऱ्या झडपेच्या) मागे, म्हणजे पोर्टमध्ये असतो, तिथे पेट्रोल व्हॉल्व्हवरून धुऊन जाते आणि चांगल्या डिटर्जंटचा उपयोग व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर या दोघांनाही होतो. मात्र ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांत इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही. तिथे व्हॉल्व्हवरची घाण कोणत्याही महागड्या पेट्रोलने निघणार नाही, ती उघडूनच साफ करावी लागते.

हडसनतीर

गॅरेजवाल्या दादांच्या मुद्द्याला दुजोरा देणारी एक गोष्ट. इकडे काही वाहन कंपन्यांनी २००४ मध्ये 'टॉप टिअर' नावाचे डिटर्जंटचे प्रमाण ठरवले. एएएच्या २०१६ च्याच दुसऱ्या तपासणीत, या प्रमाणात न बसणाऱ्या पेट्रोलाने इंजिनात सरासरी १९ पट जास्त थर साचल्याचे आढळले. महत्त्वाचे म्हणजे टॉप टिअर पंपावर साध्या पेट्रोललाही तेच प्रमाण लागू असते. स्वच्छता आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या एकत्रच विकल्या पाहिजेत असे काही नाही, हे त्यावरून दिसते.

वैदर्भी ऊन

इथे एक बाजू मांडली जात नाही, असे मला वाटते. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या घरात असतो, एसी पूर्ण सुरू असतो, आणि माझी गाडी टर्बो पेट्रोल आहे. त्या दिवसांत प्रीमियमवर गाडी अधिक मोकळी चालते, असा माझा अनुभव आहे. हे केवळ मनाचे खेळ आहेत, असे मानायला मी तयार नाही.

यंत्रवेल्हाळ

वैदर्भी ऊन, तुमचा अनुभव नाकारण्याचे कारण नाही, उलट शास्त्र त्याच्या बाजूने आहे. आत येणारी हवा जितकी गरम, तितके मिश्रण आपोआप पेटण्याच्या जवळ जाते, आणि टर्बो ती हवा आणखी दाबून तापवतो. ही हवा गार करणारा इंटरकूलर असला तरी ४५ अंशांच्या हवेने तो किती गार करणार? अशा वेळी संगणक ठिणगी मागे घेतो आणि जास्त ऑक्टेनमुळे त्याला तसे कमी करावे लागते. याच्या उलट उंचावर हवा विरळ असल्याने नॉकिंगची प्रवृत्ती घटते. अमेरिकेतल्या रॉकी पर्वताच्या प्रदेशात ८५ अंकाचे पेट्रोल विकले जाते ते याच कारणाने, अर्थात टर्बो गाड्यांना ही सवलत लागू होत नाही.

तेव्हा तुमच्या गाडीच्या झाकणावर किमान ९१ आणि शिफारस ९५ असे काही असेल, तर उन्हाळ्यात वरच्या अंकाचे पेट्रोल भरणे पूर्ण समर्थनीय आहे. फक्त ते खरोखर वरच्या अंकाचे आहे ना, हे पाहावे. प्रीमियम म्हणून विकले जाणारे प्रत्येक पेट्रोल जास्त ऑक्टेनचे असतेच असे नाही. काही प्रकारांत नेहमीच्याच पेट्रोलात रसायने घातलेली असतात. नावात ९५, ९७ किंवा १०० असा अंक आहे का, हे पाहून मग पैसे मोजावेत.

पंचगंगाकाठ

आता हिशेब. २०२५ मध्ये मुंबईत साधे पेट्रोल १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होते. प्रीमियम लिटरमागे आठ रुपयांनी महाग धरले, तर हा फरक पावणेआठ टक्क्यांचा होतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी प्रीमियमवर सुमारे १६.२ देऊ लागली, तरच खर्च बरोबरीत येईल. हडसनतीर यांनी दिलेला २.७ टक्क्यांचा आकडा, तोही शिफारस असलेल्या गाड्यांचा, याच्या निम्माही नाही. महिन्याला ६० लिटर पेट्रोल लागणाऱ्या घरात वर्षाला ५,७६० रुपये जास्त जातात. तेवढ्या पैशांत वेळेवर ऑइल बदल, एअर फिल्टर आणि चांगले स्पार्क प्लग सहज होतात, आणि साध्या गाडीला त्याचा उपयोग प्रीमियमपेक्षा निश्चित जास्त आहे.

१६० रुपयांच्या पेट्रोलाचा हिशेब तर मांडवतही नाही. खर्च बरोबरीत येण्यासाठी तीच गाडी २३ च्या वर अॅव्हरेज देऊ लागली पाहिजे, आणि असे होणे शक्य नाही.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांनी गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. एकाच पंपावर, पहिल्यांदा नळी आपोआप थांबेल तिथपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरून लिटर मोजावेत. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये; टायरची हवा, एसी, रस्ता आणि ऋतू यांनी सहज पाच टक्के इकडेतिकडे होतात, आणि बहुतेक 'फरक पडला' असे सांगणारे अनुभव त्या पाच टक्क्यांतच मोडतात.

रानजाई

हिशेब पटला, पण माझी अडचण वेगळी आहे. माझ्याकडे जुनी कार्ब्युरेटरची स्कूटर आहे आणि २०१६ ची गाडी आहे. ऑक्टेनशी मला घेणे नाही. इथेनॉलमुळे रबरी नळ्या खराब होतात आणि अॅव्हरेज पडते, असे सगळीकडे ऐकू येते. साधे पेट्रोल आता २० टक्क्यांचेच मिळते. मग आमच्यासारख्यांनी प्रीमियमकडे वळावे का?

यंत्रवेल्हाळ

रानजाई ताई, या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्हीच विचारला आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलाच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अॅव्हरेज घटणे हे भौतिकशास्त्रच आहे. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के, तर तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के घट अपेक्षित धरली होती. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत ती एक ते दोन टक्केच आहे. २० टक्के इथेनॉल सोसणारे सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत येऊ लागले, म्हणजे तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत. इथेनॉलविरहित पेट्रोलाचा पर्याय ठेवावा म्हणून केलेली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तेव्हा साध्या नळीतून जुने पेट्रोल परत येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मात्र 'प्रीमियम म्हणजे इथेनॉल नाही' हे समीकरण चुकीचे आहे. नेहमीच्या ९५ च्या प्रीमियममध्येही इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाते ते इंडियन ऑइलचे एक्सपी १००, आणि त्याचा भाव वर आलाच आहे. अॅव्हरेजमधली सहा-सात टक्के घट म्हणजे लिटरमागे सहा-सात रुपयांचे नुकसान. ते टाळण्यासाठी छप्पन्न रुपये जास्त देणे हा तोट्याचाच व्यवहार आहे.

घाटाखालचे गॅरेज

ताई, स्कूटरपुरते मी सांगतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरला ते जमत नाही, त्यामुळे इथेनॉल वाढले की मिश्रण पातळ होते, सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो आणि इंजिन जास्त तापते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या जेट आणि एअर स्क्रूची जुळवणी एकदा करून घ्या. पेट्रोलची नळी, टाकीच्या कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरमधल्या ओ-रिंगा इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घ्या. हा फार मोठा खर्च नाही. नळी बोटांनी दाबून पाहा: फुगलेली, चिकट किंवा बारीक तडे गेलेली असेल तर लगेच बदला, कारण गळणारे पेट्रोल गरम इंजिनावर पडले तर आग लागू शकते. स्कूटर पावसाळ्यात फार दिवस उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसले की गाडी सुरूच होत नाही, वर गंजही धरतो.

सागरवेळ

निवड आपण करायची हे खरे, पण ती आपल्याला करू दिली पाहिजे. आमच्या भागातल्या एका पंपावर कर्मचारी काही न विचारता प्रीमियमची नळी लावतो, आणि यंत्रावरचा दर पाहिल्यावर विचारले तर "साधे संपले आहे" असे सांगितले जाते. माझ्यासोबत हे एकाहून अधिक वेळा घडले आणि वयस्कर लोकांच्या बाबतीत तर ते सर्रास घडते, याचा मला मनापासून राग आहे.

गाडीतून उतरून उभे राहावे. "साधे, इतक्या रुपयांचे" असे स्पष्ट सांगावे, यंत्रावर शून्यासोबत दराचा आकडाही पाहावा आणि पावती घ्यावी. तिच्यावर कोणते पेट्रोल दिले ते लिहिलेले असते. शंका आली तर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे: नळीच्या तोंडाचा एक थेंब त्यावर टाकला की शुद्ध पेट्रोल उडून जाते आणि डाग राहत नाही. घनताही तपासून मिळते, आणि माप कमी वाटले तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची मागणी करता येते. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

रानजाई

गॅरेजवाले दादा, यंत्रवेल्हाळ, दोघांचेही आभार. एक शंका राहिली. चुकून किंवा न विचारता प्रीमियम टाकले गेले आणि टाकीत आधीचे साधे होते, तर काही बिघडते का?

यंत्रवेल्हाळ

काहीही बिघडत नाही. दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि ऑक्टेन अंक मधला कुठला तरी होतो. काळजी उलट बाजूने घ्यायची: ज्या गाडीला किंवा मोठ्या मोटारसायकलीला पुस्तिकेने ९५ आवश्यक म्हणून सांगितले आहे, तिला आडगावात कमी अंकाचे भरावे लागले, तर पुढचा योग्य पंप येईपर्यंत अॅक्सिलरेटर हलका ठेवावा आणि वरच्या गियरमध्ये चढ ओढू नये.

पंचगंगाकाठ

माझ्या हॅचबॅकच्या झाकणावर किमान ९१ लिहिलेले आहे, तेव्हा ती साध्यावरच राहील. वडिलांच्या मोटारसायकलची नळी आणि कॉकचे वॉशर या आठवड्यात बदलून घेतो. वैदर्भी ऊन आणि टर्बो गाड्या असलेले इतर सदस्य यांना एक विनंती आहे. या उन्हाळ्यात टाकी ते टाकी मोजलेले अॅव्हरेज, पेट्रोलाचे नाव आणि अंक, बाहेरचे तापमान आणि झाकणावरचा मजकूर अशा नोंदी इथेच लिहाव्यात. थेट फवारणीचे इंजिन असेल तर तेही नमूद करावे, म्हणजे दोन प्रकारच्या गाड्यांची सरमिसळ होणार नाही.